मीटर शून्य दाखवतो, तरी काचेवर डाग : वॉटर-फेड पोलच्या कामातली दर उन्हाळ्याची तक्रार

होळी जवळ आली की ही तक्रार हमखास येते. दिवाळीच्या सफाईत ज्या काचा लख्ख निघाल्या, त्याच काचा त्याच पोलने, त्याच ब्रशने, त्याच पोरांनी धुतल्या, पाण्यातले क्षार दाखवणारं मीटर शून्यावर असलं, तरी वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरतात. क्लायंटचा सुपरवायझर फोटो पाठवतो, बिल अडकतं, आणि मग कुणीतरी सल्ला देतो की फायबरचा पोल टाकून द्या, कार्बनचा घ्या. घेतलाही जातो. डाग मात्र तिथेच राहतात, कारण त्यांचा पोलशी संबंध क्वचितच असतो.

पुणे-पिंपरी भागातली ऑफिसं, शोरूम आणि सोसायट्यांची क्लबहाउसं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे : डाग काचेवर कुठे पडलाय आणि कसा दिसतोय यावरून दोष पाण्यात आहे, फ्रेममध्ये आहे, हाताच्या पद्धतीत आहे की पोलमध्ये, हे बहुतेक वेळा जागेवरच कळतं. ते कळल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

नव्याने या धंद्यात आलेल्यांसाठी दोन ओळी. वॉटर-फेड पोल म्हणजे एकात एक सरकणारा लांब पोल, टोकाला ब्रश, आणि ब्रशमधल्या बारीक नोझलमधून येणारं क्षारविरहित पाणी. ब्रशने मळ सुटतो, पाणी तो खाली वाहून नेतं, आणि काच पुसायची नसते, तशीच वाळू द्यायची असते. पुसायचं नसल्यामुळे सगळी मदार पाण्यावर येते. पाण्यात जे विरघळलेलं आहे ते पाणी उडून गेल्यावर काचेवर बसणारच.

डाग वाचायचा कसा

काच पूर्ण वाळू द्या, मग तिरक्या उजेडात उभे राहून बघा. समोरून बघितलं तर निम्मं दिसत नाही.

संपूर्ण काचेवर, वरपासून खालपर्यंत सारखे गोल ठिपके, प्रत्येकाची कड मधल्या भागापेक्षा जास्त पांढरी : हा पाण्याचा डाग. थेंब वाळताना क्षार कडेला जाऊन बसतात, म्हणून तशी अंगठी दिसते.

वरच्या फ्रेमपासून सुरू होऊन खाली उतरणारे ओघळ, बाकी काच स्वच्छ : पाणी ठीक आहे, घाण फ्रेममधून किंवा रबराच्या पट्टीमागून येतेय. हा प्रकार आपल्याकडे फार, कारण वरच्या कोनाड्यात साठलेली धूळ कुणी कधी काढलेलीच नसते. तुम्ही पहिल्यांदा पाणी मारता तेव्हा ती चिखल होऊन पुढचा अर्धा तास थेंबाथेंबाने उतरत राहते, तोपर्यंत तुम्ही चार खिडक्या पुढे गेलेले असता.

फक्त खालच्या कडेला पट्टा : धुतलंय, पण शेवटचं खंगाळणं कमी पडलंय.

सकाळच्या पहिल्या काही काचांवरच डाग आणि नंतर स्वच्छ : मशीन किंवा पाइप सुरू होतानाचं पाणी वाईट येतंय. याबद्दल पुढे.

फक्त पश्चिमेच्या बाजूला किंवा फक्त दुपारी केलेल्या काचांवर डाग : काच तापलेली होती, मळ वाहून जायच्या आधीच पाणी उडालं.

पूर्ण काचेवर धुरकट पापुद्रा, बोट फिरवलं की बोट मळतं आणि खाली स्वच्छ रेघ उमटते : मळ सुटलाच नाही, नुसता पसरला. एकदा ब्रश फिरवून भागलं असं समजलं की असं होतं. बांधकामाशेजारच्या इमारतीत पहिल्या धुण्याला दोनदा ब्रश आणि वेगळं खंगाळणं धरूनच दर सांगावा.

आणि शेवटचा प्रकार : काच ओली असताना डाग गायब, वाळली की त्याच जागी परत, नखाने खरवडलं तर खरखरीत. हा डाग तुमचा नाही. तिथल्या बागेचे स्प्रिंकलर, गळका पाइप किंवा बांधकामाच्या वेळचं सिमेंटचं पाणी यांनी तो आधीच करून ठेवलाय. पोलने तो जाणार नाही, कितीही घासा.

तीन थेंब आणि बॅटरीचं पाणी

डाग पाण्याचा वाटला तरी पाणी नेमकं कुठे बिघडतंय हे बघायला एक सोपी चाचणी आहे. काचेचा एक साधा तुकडा घ्या, साबणाने धुवून पुसून कोरडा करा, खाली काळा कागद ठेवा. त्यावर तीन जागचे थेंब टाका : पहिला फिल्टरच्या तोंडाशी घेतलेला, दुसरा पोलला जोडायच्या आधी लांब पाइपच्या टोकाशी घेतलेला, तिसरा ब्रशमधून गळणारा. सावलीत वाळू द्या. पहिल्याच थेंबाची अंगठी उमटली तर दोष फिल्टरमध्ये. पहिला स्वच्छ आणि दुसरा खराब असेल तर दोष पाइपमध्ये. पहिले दोन स्वच्छ आणि तिसरा खराब असेल तर ब्रश मळलाय, किंवा कुणीतरी त्याच ब्रशने साबण लावून काम केलंय आणि तो धुतला नाही. तिसऱ्याचं प्रमाण वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. नवा ब्रशही पहिल्या दिवशी थेट काचेला लावू नये, आधी गरम पाण्यात चांगला खंगाळून घ्यावा.

तिन्ही थेंब स्वच्छ, तरी काचेवर डाग? मग स्पेअर पार्टच्या दुकानातून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणा. नव्या कोऱ्या स्प्रे बाटलीत भरून, हाताशी असलेल्या खालच्या एका काचेवर वरून खाली भरपूर मारा आणि वाळू द्या. त्यानेही डाग पडला तर तुमच्या मशीनला दोष देणं सोडा, मळ काचेवर किंवा फ्रेममध्ये आहे. क्लायंटसमोर वाद मिटवायलाही ही बाटली चांगली, कारण ते पाणी तुमचं नसतं.

पिण्याच्या आरओचं पाणी मात्र या चाचणीला वापरू नका. घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, त्याची अंगठी उमटतेच. बिसलेरीसारख्या बाटलीबंद पाण्याचंही तेच.

उन्हाळ्यातच का?

कारण पाणी बदलतं. पुण्यात पावसाळ्यानंतर काही महिने सोसायटीच्या टाकीत बहुतेक कॉर्पोरेशनचं पाणी असतं. खडकवासल्याकडून येणारं हे धरणाचं पाणी मुळात सौम्य. फेब्रुवारी-मार्चपासून त्यात बोअर मिसळायला लागतो, मग टँकर येतो, आणि तो टँकर कुठल्या विहिरीवर भरलाय हे ड्रायव्हरशिवाय कुणाला ठाऊक नसतं. एकाच इमारतीच्या एकाच नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) दिवाळीत शंभरच्या आसपास आणि एप्रिलमध्ये सातशे, हे चित्र नेहमीचं आहे.

सेक्रेटरी सांगतात, ‘आमचं पाणी पिण्यालायक आहे.’ खरं असतं ते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. काचेला मात्र दहाच्या आत लागतं. हिशोब करून बघा : धुतल्यावर एक चौरस मीटर काचेवर अंदाजे ५० मिली पाणी चिकटून राहिलं, तर ४०० टीडीएसच्या पाण्यातून २० मिलिग्रॅम क्षार मागे राहतात. ५ टीडीएसच्या पाण्यातून पाव मिलिग्रॅम. पहिलं रस्त्यावरून दिसतं, दुसरं नाकाजवळ नेऊनही दिसत नाही.

आता रेझिनचा हिशोब, कारण उन्हाळ्यात धंदा इथेच बसतो. तुमच्याकडे नुसती डीआय बाटली (पाण्यातले क्षार पकडणाऱ्या रेझिनच्या दाण्यांनी भरलेला फिल्टर) आहे, आत २० लिटर मिक्स्ड बेड रेझिन आहे असं धरू. कामाच्या ठिकाणी एक लिटर रेझिन साधारण २० ग्रॅम क्षार पकडतं असं मी धरतो. कंपनीच्या कागदावर आकडा जास्त असतो, पण रेझिन शेवटच्या दाण्यापर्यंत वापरता येत नाही. म्हणजे एकूण ४०० ग्रॅम. शंभर टीडीएसचं पाणी असेल तर ४,००० लिटर निघतील. सहाशेचं असेल तर जेमतेम ६६५ लिटर. एक पोल मिनिटाला दीड लिटर पाणी घेतो आणि दिवसात पाच तास नळ चालू राहतो असं धरलं तर रोजचे ४५० लिटर झाले. दिवाळीत जी बाटली नऊ दिवस चालली तीच एप्रिलमध्ये दीड दिवसात संपते. पोरगा जुन्या सवयीने आठवडाभर तीच वापरतो आणि डाग कुठून आले म्हणून आपण पोल तपासत बसतो.

यावर उपाय एकच, आधी आरओ लावायचं. सहाशेचं पाणी आरओच्या चांगल्या मेंब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) तीसवर येतं, आणि मग तेच २० लिटर रेझिन १३ हजार लिटरपर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ महिना. कायम कॉर्पोरेशनच्या पाण्यावर काम असेल तर नुसत्या डीआयवर भागतं. बोअर-टँकरवर काम असेल तर आरओशिवाय हा धंदा परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आरओचं वाया जाणारं पाणी टाकून देऊ नका. सोसायटीत पाण्यावरून आधीच वातावरण तापलेलं असतं, ते पार्किंग धुवायला दिलं तर भांडणं टळतात.

आरओची तब्येत बघायला आत जाणारं आणि शुद्ध होऊन बाहेर येणारं पाणी दोन्ही मोजा. सहाशेचे तीस झाले म्हणजे ९५ टक्के क्षार अडले. हा आकडा हळूहळू घसरत नव्वदच्या खाली गेला तर मेंब्रेन थकलंय. एका रात्रीत घसरला तर आतली ओ-रिंग (रबराची कडी) सरकली असण्याची शक्यता जास्त. मेंब्रेन फेकायच्या आधी त्याचं हाउसिंग (बाहेरचं कवच) उघडून बघा. आणि एक गोष्ट आपल्याकडची खास : टँकर आला की वॉचमन टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो, हाताच्या अंदाजाने. क्लोरिन या मेंब्रेनचा शत्रू आहे. आरओच्या आधीचा, क्लोरिन अडवणारा कार्बन फिल्टर वेळेवर बदललेला नसेल तर एका उन्हाळ्यात महागडं मेंब्रेन जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की ते कशाने गेलं.

सकाळच्या पहिल्या काचांचा प्रश्नही इथलाच. आरओ रात्रभर बंद राहिलं की मेंब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात. सुरुवातीची काही मिनिटं पाणी वाईट येतं. ते पाणी डीआयमध्ये सोडू नका, सरळ बाहेर काढा. रेझिनचं आयुष्य वाढतं. पाइपमध्ये आदल्या दिवसाचं पाणी उरलेलं असेल तर तेही काढून टाका. पारदर्शक पाइप उन्हात ठेवला तर आत हिरवं शेवाळ धरतं, आणि ते एकदा धरलं की ब्रशच्या नोझलपर्यंत पोचतं. काळा किंवा गडद पाइप घ्या, टाकीही काळी.

थंडीत उलटी तक्रार येते : पाणी चांगलं पण कमी. गार पाण्यात आरओचं उत्पादन पडतं, अंशामागे अंदाजे तीन टक्के. जानेवारीत सकाळी सातला मशीन लावून तेवढ्याच पाण्याची अपेक्षा करू नका, टाकी आदल्या दिवशी दुपारी भरून ठेवा.

मीटर खोटं बोलतं तेव्हा

टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. त्यामुळे ज्या पदार्थाने पाण्याची वाहकता फारशी वाढत नाही, तो मीटरला दिसत नाही. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) त्यातलाच. आपलं पठार बेसॉल्टचं, त्या खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच. रेझिन संपत आलं की ते सर्वात आधी सिलिका सोडायला लागतं, आणि तेव्हा मीटरवर आकडा अजून शून्य किंवा दोन-तीनच असतो. ‘मीटर शून्य, तरी डाग’ या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हेच निघतं.

ओळखायचं कसं? डागावर व्हिनेगरचा बोळा पाच-दहा मिनिटं धरा. साध्या चुन्याचा डाग असेल तर विरघळतो. जसाच्या तसा राहिला तर सिलिका किंवा आधीच कोरलेली, म्हणजे पृष्ठभागच खराब झालेली काच. सिलिकाचा संशय असेल तर मीटर दहावर जायची वाट बघू नका. नुसत्या डीआयवर काम करणाऱ्याने आकडा शून्यावरून हलायला लागला की रेझिन बदलायची तयारी करावी. डीआयच्या आधी आरओ असेल तर ते बरीचशी सिलिका अडवतं, हा त्याचा दुसरा फायदा.

मीटरच्या बाकी खोड्या लहान आहेत. मोजायचा कप त्याच पाण्याने तीनदा खंगाळा, बोट आत बुडवू नका. घामाचा एक थेंबही आकडा वाढवतो. घेतलेलं पाणी लगेच मोजा, शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि उघडं राहिलं की आकडा चढतो. आणि बॅटरी उतरली की स्वस्तातले मीटर वाट्टेल ते दाखवतात.

फ्रेम, ऊन आणि हाताची पद्धत

ओघळांवर उपाय साधा आहे पण कंटाळवाणा. आधी सगळ्या वरच्या फ्रेम आणि रबरपट्ट्या ब्रशने धुवायच्या, त्यांना निथळू द्यायचं, आणि मग पहिल्या खिडकीपासून काचेला सुरुवात करायची. दुहेरी फेरी होते, वेळ जातो, म्हणून पोरं टाळतात. निदान वरच्या मजल्याच्या फ्रेम धुतल्याशिवाय खालची काच पूर्ण करू नका, नाहीतर वरचं सगळं खाली येतं. जुन्या, रंग उडालेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ब्रश लावला की पांढरं दूध सुटतं. तिथे फ्रेम जोरात घासायची नाही, नुसतं पाणी सोडायचं.

काचेवर पाणी कसं वागतं हेही बघा. काही काचांवर ते चादरीसारखं पसरून उतरतं, तिथे दोन साध्या धारांची नोझल पुरतात. काही काचांवर थेंब थेंब होऊन थांबतं, विशेषतः सिलिकॉन सीलंटच्या कडेला, कारण सीलंटमधला तेलकट अंश काचेवर पसरलेला असतो. तिथे पंख्यासारखी फवारणारी नोझल लावा आणि ब्रश काचेवरून उचलून, सावकाश वरून खाली खंगाळा. ब्रश काचेला टेकवूनच खंगाळलं तर त्या कडेला ब्रशमधली घाण परत लागते.

या पोलचा प्रसार ब्रिटनमध्ये झाला, विशेषतः २००५ साली तिथे उंचीवरच्या कामाचे नियम आल्यावर आणि शिडीची कामं कमी झाल्यावर. त्यामुळे यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ तिकडचे आहेत. ते चांगले आहेत, पण त्यांची काच गार असते आणि दर आठवड्याला पाऊस तिला धुतो. आपली काच एप्रिलमध्ये हात लावू देत नाही आणि ऑक्टोबरपासून तिच्यावर धूळ साठत आलेली असते. त्यांचं बघून खंगाळण्याचा वेळ ठरवू नका. सावलीच्या मागे फिरा : सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. सोलर पॅनेल धुणाऱ्यांनाही हाच नियम, फक्त त्यांना सावली मिळत नाही म्हणून उजाडता उजाडता काम उरकावं लागतं.

आता पोलबद्दल

पोलने डाग पडत नाहीत, पण वाईट पोलमुळे काम वाईट होतं, कारण वाकणाऱ्या पोलचा ब्रश वरच्या कोपऱ्यात टेकत नाही आणि दमलेला माणूस खंगाळत नाही.

निवडताना लांबी नाही, रोजचं काम बघा. रोज दोन मजले करणाऱ्याने ५० फुटी पोल घेऊ नये. पोल जितका लांब, तितके जास्त तुकडे, जास्त क्लॅम्प (तुकडे जागेवर धरणारे चाप), आणि बुडाचा तुकडा तितका जाड. दिवसभर तो उगाच हातात नाचवायचा. दोन मजल्यांना २०-२५ फुटी, तीन-चार मजल्यांना ३५-४० फुटी, असे दोन पोल ठेवणं एका लांबलचक पोलपेक्षा बरं. लांब पोल घेतलाच असेल तर खालच्या कामाला त्याचे बुडाचे तुकडे काढून ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटरपासून पुढची इमारत उंच धरतात, आणि पोलच्या सोयीचं कामही साधारण तिथेच संपतं. त्याच्या वर दोरीवर उतरणारी मुलं किंवा झुला. साठ फुटी पोल मिळतात, पण तेवढ्या उंचीवर ब्रश नेमका कुठे टेकलाय ते खालून दिसत नाही.

ॲल्युमिनियम स्वस्त, पण जड, आणि वीस फुटांच्या पुढे घेऊ नये. ग्लास फायबर शिकाऊ पोरांना चांगला : मार खातो, दुरुस्त होतो, दोन मजल्यांपर्यंत वाकणं जाणवत नाही. कार्बन हलका आणि ताठ, तीन मजल्यांच्या पुढे त्याला पर्याय नाही. सर्वात महागडा, अतिताठ कार्बन मात्र आपटला की तडकतो. टेम्पोत पोतडीसारखा फेकला जाणार असेल तर मधल्या दर्जाचा घ्या. विकत घेताना पोल पूर्ण उघडून, ब्रश लावून, पाणी भरलेल्या पाइपसह उभा करून बघा. कोरडे, ब्रशशिवायचे पोल सगळेच हलके वाटतात. आणि सुटे क्लॅम्प भारतात मिळतात का हे विचारा. बाहेरून मागवायला लागले तर एका तुटलेल्या क्लॅम्पपायी पोल महिनाभर कोपऱ्यात उभा राहतो.

कार्बन आणि ॲल्युमिनियम दोन्ही विजेचे वाहक आहेत. फायबर कोरडा आणि स्वच्छ असेल तरच वीज अडवतो. ओला, मळका, आतून पाण्याचा पाइप गेलेला फायबरही सुरक्षित नाही. महावितरणच्या ११ किंवा २२ केव्हीच्या तारा इमारतीच्या बाजूने जात असतील तर पोल उघडायच्या आधी वर बघा. उभा केलेला पोल आडवा पडला तर तारेपर्यंत पोचेल अशा जागी उभंच राहायचं नाही. क्लायंट कितीही म्हणाला की ‘तेवढीच एक बाजू राहिलीय’, तरी ती बाजू राहू द्या.

पोलच्या तक्रारी तीनच असतात : घसरतो, अडकतो, पाणी कमी येतं.

घसरण्याचं कारण नव्वद टक्के वेळा क्लॅम्पमध्ये शिरलेली बारीक रेती. क्लॅम्प उघडा, तुकडा बाहेर काढा, दोन्ही साध्या पाण्याने धुवा, कोरडे करा. तरी घसरला तर क्लॅम्पचा स्क्रू पाव आटा आवळा, तपासा, गरज असेल तर आणखी पाव. एकदम आवळला तर कार्बनची नळी चेपते आणि मग ती कधीच सरळ सरकत नाही. तेल, ग्रीस, खोबरेल, काहीही लावू नका. आज सरकेल, उद्या त्यावर रेती चिकटेल आणि सॅन्डपेपर लावल्यासारखी नळी झिजेल.

अडकलेला पोल आपटू नका. सावलीत न्या, वरच्या टोकातून आत पाणी सोडा, मग दोघांनी दोन्हीकडून धरून पिळत ओढा. हे टाळायचं असेल तर धुळीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, एरवी आठवड्याला एकदा, सगळे तुकडे सुटे करून धुवा आणि टोक खाली करून निथळू द्या. ओला पोल बंद करून पिशवीत घातला की आतला चिखल सिमेंट होतो. पोल जमिनीवर आडवा ठेवून त्यावरून पाइप ओढायची सवय पोरांना असते, ती मोडा. पोल गोळा करताना आतला पाइप आधी खाली ओढून घ्या, नाहीतर तो मुडपतो आणि पुढची तक्रार तिथून सुरू होते.

पाणी कमी येत असेल तर खालून वर जा. दर दहा मीटर उंचीला एक बार दाब खर्च होतो, त्यामुळे जमिनीवर जोरात येणारी धार बारा मीटरवर मंदावणारच. पण खालीच मंद असेल तर : फिल्टर तुंबला, पाइप मुडपला, की नोझल बुजलं? नोझलमध्ये सुई घालून बघा. आतून पिवळसर-तपकिरी, मोहरीहून बारीक गोल दाणे निघाले तर डीआय बाटलीच्या आतली जाळी फाटली आहे आणि रेझिन बाहेर पडतंय. नुसती नोझल साफ करून काम चालू ठेवलं तर अर्ध्या तासात पुन्हा बुजेल. पाइपचा ८ मिमी पुश फिटिंगचा जोड कुठल्याही न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या सामानाच्या) दुकानात मिळतो, दोन-चार खिशात ठेवा. पाइपचं टोक ब्लेडने काटकोनात कापलं नाही तर नवा जोडही गळतो.

कार्बनच्या पोलची वरची चकाकी उडून तो करडा, खरखरीत दिसायला लागला की हातमोज्याशिवाय धरू नका, त्याची कुसळं कातडीत शिरतात आणि निघत नाहीत. उन्हानेही हा लेप जातो, म्हणून पोल गच्चीवर वाळत ठेवायचा नाही. पोल आपटला असेल तर रुपयाच्या नाण्याने नळीवर सगळीकडे टकटक करत जा. सगळीकडे खणखणीत आणि एका जागी बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत. तो तुकडा उंचीवर वापरू नका.

क्लायंटच्या जुन्या डागांसाठी हार्डवेअरच्या दुकानातलं ‘काचेचं अ‍ॅसिड’ आणायचा मोह होतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा रंग उडवतं. आणि सिलिकाचे डाग खरोखर काढणाऱ्या काही द्रावणांत फ्लोराइड असतं, जे कातडीतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही आणि नंतर हाडापर्यंत पोचतं. पोलवरून, डोक्याच्या वर, असलं काही मारायचंच नाही. कोरलेल्या काचेला पॉलिश लागतं, ते वेगळं काम, वेगळा दर. म्हणून काम सुरू करायच्या आधी प्रत्येक बाजूची एक काच कोरडी असताना तिरक्या उजेडात फोटो काढा, व्हिनेगर लावून न गेलेला डाग सुपरवायझरला दाखवा, आणि ‘जुने डाग कामात धरलेले नाहीत’ हे वाक्य कोटेशनमध्ये पहिल्या पानावर घाला.